बॅगा उतरवणारे नाना

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी वर पाहत. माणसांची विचारपूस नंतर. पॅसेजच्या छतातले चौकोनी झाकण दिसताच कोट काढीत आणि म्हणत, "शिडी आण. चहा मग." सरकारी खात्यात ते इंजिनिअर होते, परंतु सत्तरच्या दशकात परदेशातल्या या टूनगॅबी उपनगरात घरे घेतलेल्या आम्हा मराठी मंडळींना ते ठाऊक होते माळ्यावरचे नाना म्हणून.

इथली घरे हिवाळ्यात आतून गारठत, उन्हाळ्यात भाजत. माळ्यावर ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या लोकरीच्या, जाड गाद्या अंथरल्या की दोन्ही छळ कमी होतात, हे आम्हांला त्यांनीच शिकवले. गादीची जाडी ते हाताने मोजत. "वीत भरत नाही," असे वरून ऐकू आले की त्यांचा पुढचा शनिवार आपला, असे समजायचे.

आमच्या माळ्यावर ते प्रथम चढले तेव्हा मात्र वरून निराळाच प्रश्न आला.

"या बॅगा कुणाच्या?"

"आमच्याच," मी खालून म्हणालो. "परत जाताना लागतील."

"कधी जातोयस?"

"बघू, नाना."

"बघू म्हणणारे सगळे इथेच राहतात. अरे, गादीतली हवा ऊब धरते. तुझ्या बॅगांनी इथली गादी दाबून टाकली. एकदा दबली की पुन्हा फुगत नाही. धर, खाली घे. हा कोपरा नंतर भरू."

अशा घरोघरच्या बॅगा त्यांनी उतरवल्या. त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि बरोबर असण्याची त्यांना फार सवय होती.

"माझी ट्रंक यांनी सगळ्यांच्या आधी उतरवली," त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, चहा ओतताना हसून सांगत. त्यांना सांगलीला आईकडे जायचे होते. कायमचे नव्हे, एकदाच. नाना म्हणत, "मागची खोली होऊ दे, मग जाऊ." खोली झाली, मग छताचे काम निघाले. आई गेल्याची तार आली तेव्हा नाना कुणाच्या तरी माळ्यावर होते. त्यानंतर वहिनींनी जाण्याचा विषय काढला नाही.

"तुमचं घर किती उबदार आहे," माझी पत्नी एकदा त्यांना म्हणाली.

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "बाहेरचं काही आत येतच नाही."

ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्याच घरात वहिनी वारल्या. सुतकाचे दिवस सरल्यावर नाना आमच्याकडे आले आणि वर न पाहता खुर्चीत बसले. चहा निवला. मग त्यांनी विचारले, "तुझ्या त्या बॅगा कुठे आहेत रे?"

"देऊन टाकल्या. तुम्हीच म्हणालात ना, नाना."

"मी म्हणालो आणि तू दिल्यास? एवढा शिकलेला माणूस तू. नाही म्हणता आलं नाही?"

त्यांनी कप बाजूला सारला.

"तिलाही नाही आलं," ते म्हणाले.

त्यानंतर ते कुणाच्याच माळ्यावर चढले नाहीत. आमच्या एका कोपऱ्यात अजूनही वीत भरत नाही.