आपटे सरांची लिम्पेटं

आमच्या प्राणिशास्त्र खात्यात किस्से धुळीसारखे साचतात. धूळ निदान तपासणीची कमिटी यायच्या आधी पुसतात, किस्से तसेच राहतात!

मी संग्रहालयाच्या खोलीतला असिस्टंट, राहायला बनारसच्या ब्रह्माघाटावर. आपटे सर रामघाटावरचे. रिटायर झाले तरी रोज दहाला हजर! लिम्पेट म्हणजे समुद्रातल्या खडकाला चिकटून बसणारी गोगलगाय, पाठीवर टोपीसारखं कवच. तीस वर्षं सुट्ट्यांत किनारे पालथे घालून सरांनी ती कवचं जमवली. टोपीचं टोक पुढे की मधोमध, वर भोक आहे का, आत स्नायूची खूण कशी, हे बघून जात ठरवायची. "एवढं लावून झालं की मी सुटलो रे," म्हणायचे. खात्यात कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

*

एकदा सरांच्या गल्लीतले गुरुजी आले. यात्रेत सापडलेलं कवच त्यांनी देवघरात ठेवलेलं, टोकाला छान गोल भोक.

"आपटे, हे भोक कशासाठी हो?"

"मळ बाहेर टाकायला."

मी जीभ चावली. गुरुजींनी कवच उजेडाला धरून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आत काही साठवत नाही. आपल्यापेक्षा सोवळं आहे की!"

त्या खोलीत सरांचं नीट ऐकून घेणारा तो शेवटचा माणूस.

*

कवचं ठेवायला नव्या डब्या हव्यात म्हणून अर्ज केला. फाइल चार महिने फिरून परत आली. वर शेरा: "समुद्र के घोंघे बनारस में क्यों? गंगाजी से मँगवा लिए जाएँ।"

सर पोट धरून हसले. माझं मात्र डोकं फिरलं.

*

नवे हेडसाहेब डीएनएवाले. "सर, कवच देखकर जाति बताने का ज़माना गया।"

सर म्हणाले, "ठीक है। लेकिन मशीन में डाला कौन-सा जीव था, यह किसने बताया?"

हेडसाहेबांचा पेपर छापून आला. आभारांत सरांचं नाव होतं हो, होतं ना! मशीनवाल्या कंपनीच्या खाली.

*

मग कमिटी आली. मी लग्नासाठी इंदूरला, सर तापाने घरी. हेडसाहेबांनी खोली 'प्रेझेंटेबल' करून घेतली. डब्यांतली सगळी कवचं काढली, साबणाने धुतली, काचेच्या कपाटात कमळाच्या आकारात मांडली. डब्यांतल्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या कचऱ्यात! कवच कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या खडकावर, कधी मिळालं, ते त्या चिठ्ठ्यांवर होतं. ते गेलं की कवच संशोधनाच्या काही कामाचं नाही. कमिटीने कमळाचे फोटो काढले.

मी परत आलो आणि तडक हेडसाहेबांच्या केबिनकडे निघालो. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. सरांनी दंड धरला.

"बस खाली. कात्री दे."

त्यांनी कागदाच्या नव्या चिठ्ठ्या कापल्या. एकेक कवच उलटं करून बघायचं, जात लिहायची आणि खाली दोन ओळी. ठिकाण: माहीत नाही. तारीख: माहीत नाही. पुढचं कवच. ठिकाण: माहीत नाही. तारीख: माहीत नाही. मी समोर बसून डब्या पुढे करत होतो. सरांकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हेडसाहेब येऊन सरांच्या मागे उभे राहिले. वाकून चार-पाच चिठ्ठ्या वाचल्या.

"वाह सर," म्हणाले, "क्या हैंडराइटिंग है आपकी!"