उडी कधी ते मी सांगायची

चपला घालून आत गेलं की कॉम्प्युटरला व्हायरस होतो, अशी आमच्या क्लासच्या सरांची पक्की समजूत होती. देवळाली प्रवऱ्याला एका औषधाच्या दुकानावर तो क्लास होता, नव्वदीच्या मधल्या वर्षांत. पाच मशीन, त्यातलं एकच रंगीत, आणि सगळ्यांना शिंप्याकडून शिवून आणलेली कव्हरं. दाराबाहेर चपलांचा ढीग. माझ्या चुलतभावाला मात्र सर कधी बोलले नाहीत, कारण त्याच्या पायात चप्पल नसायचीच. माझे वडील त्याला पाठकुळी घेऊन जिना चढायचे आणि खुर्चीत बसवून जायचे.

त्याला मी दादा म्हणते. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं, असं होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. हात धड होते, आणि डोकं तर आमच्या घराण्यात त्याला एकट्यालाच होतं. शेती व्हायची नाही तर कॉम्प्युटर तरी शिकू दे, असं घरात ठरलं. तो एकटा कसा जाणार, म्हणून मलाही सोबत घातलं. मला विचारलं का कुणी? छे! मी त्याच्याशेजारी बसणं सगळ्यांना साहजिक वाटत होतं. मला ती शिक्षा वाटायची, आणि का वाटायची ते फक्त मला माहीत होतं.

धडा संपला की शेवटची वीस मिनिटं सर रंगीत मशीनवर गेम लावून द्यायचे. पुण्याहून फ्लॉपीत आणलेला होता. डोंगरावरून उतरता पांढरा घसरगुंडीचा रस्ता, वर एका दांडीवर पायाला पट्ट्या बांधून बसलेला बोटभर माणूस. एक कळ दाबली की तो सुटायचा, बारीक स्स्स करत खाली यायचा, आणि रस्ता संपतो त्या कडेला स्पेसबार दाबून त्याला उडवायचं. बर्फ आमच्यापैकी कुणी बघितलेला नव्हता. बॅचमधली एक बाई म्हणाली, "एवढा युरिया कुणी सांडला गं?" आणि आम्ही पोट धरून हसलो.

पण उडी जमायला आम्हाला पंधरा दिवस लागले. जरा लवकर दाबलं की माणूस जागच्या जागी वर उडून आपटायचा. जरा उशीर झाला की कडेवरून मुक्यानं घरंगळायचा. आणि नीट उडालाच तर पुढं झुकवायचा, लांब जाऊ द्यायचा, आणि जमीन जवळ आली की दुसरी कळ दाबून सरळ उभा करायचा. ही शेवटची गोष्ट आमच्यातल्या एकालाही सुचायची नाही. आम्ही सगळे विहिरीत पोहायला शिकलेले किंवा काठावर बसून बघितलेले. सूर मारला की मारला! डोकं खाली, हात पुढं, तसंच आत जायचं. मध्येच कुणी उभं राहतं का? त्यामुळे आमचा प्रत्येक माणूस त्या पांढऱ्यात डोक्यावर आपटायचा. सर कपाळावर हात मारून घ्यायचे.

हळूहळू बाकीचे शिकले. दादा शिकला नाही. म्हणजे त्याला येत नव्हतं असं नाही, तो ती कळ दाबतच नसे.

आता विहिरीचं सांगायलाच हवं. आमच्याकडं धावत येऊन सूर मारणारा आधी आत डोकावत नाही. डोकावला तो घाबरला, अशी टिंगल व्हायची. लांब आंब्याखालून तो पळत सुटतो, आणि काठावर बसलेल्यानं त्याआधी विहिरीत खडा टाकून पाणी सांगायचं. "डुबुक" असा जाड आवाज आला तर भरपूर पाणी. चप्प वाजलं तर थांबवायचं. दादाचा खडा टाकायचं काम माझं. त्या चैत्रात पाटाला पाणी सुटलं नव्हतं आणि विहिरीवर दोन मोटारी दिवसभर चालू होत्या. मी चौदा वर्षांची. त्या दुपारी मैत्रिणीकडं जायचं ठरलेलं, आणि यानं मला तिथं उन्हात आणून बसवलेली. मी विहिरीकडं पाठ करून फुगून बसले होते. त्यानं आंब्याखालून विचारलं, "हाय का गं पाणी?" खडा उचलायचाही मला कंटाळा आला. मी ओरडले, "हाय, मार!"

त्याला बाजेवर बांधून वर काढला. पाठ कपारीवर बसली होती. पाणी एकदम कसं उतरलं म्हणून घरात सगळे मोटारींना शिव्या देत राहिले. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

तर क्लासात एक दिवस दादा म्हणाला, "तू सांग कधी, मी दाबतो."

"तुला दिसतंय की समोर," मी म्हटलं.

"मी डोळे मिटतो. तू म्हन."

आणि खरंच त्यानं डोळे मिटले. भर दुपारचे चार, खाली औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकांचा गलका, आणि मला मात्र त्या खोलीत बसल्या बसल्या थंडी वाजली. माणूस दांडीवरून सुटला. मी "हां" म्हटलं. त्यानं दाबलं. उशीर झाला, माणूस घरंगळला.

"पडला?" त्यानं डोळे न उघडता विचारलं.

"पडला."

"आधी म्हन. तुझं म्हननं आन माझं बोट, मधी येळ जातो."

मग हे रोजचंच झालं. कड यायच्या आधी डाव्या बाजूला एक झेंडा होता. त्यावर म्हटलं तर उशीर व्हायचा. त्याच्या मागं एक झाड होतं, त्याच्याही जरा मागं म्हणायला लागायचं. पुढं पुढं मला बघायचीही गरज उरली नाही. तो स्स्स आवाज कडेशी येताना बारीक होत जायचा, आणि त्या बारीक टोकाला माझ्या तोंडातून आपोआप "हां" निघायचं. त्याच क्षणी बोट खाली. तिचं तोंड आणि ह्याचं बोट एकाच अंगाचं आहे, असं बॅचमधल्या बायका म्हणायच्या. आधी हसून म्हणायच्या. नंतर त्या आमच्या मशीनजवळ उभ्या राहीनाशा झाल्या.

माणूस लांब लांब जायला लागला. सगळ्यात शेवटच्या रेघेच्याही पुढं. आणि दर वेळी डोक्यावर. पडल्यावर कळ दाबेपर्यंत तो तसाच पांढऱ्यात आडवा राहायचा. दादा कळ दाबायचा नाही. डोळे मिटून बसायचा. त्या आडव्या माणसाकडं मला एकटीलाच बघत बसावं लागायचं.

एक दिवस सरसुद्धा वैतागले. "अरे बाबा, एवढी झकास उडी! एकदा तरी पाय टेकव!" असं म्हणून ते कव्हरं घालायला निघून गेले. माझ्याच्यानं आता राहवेना. तीन वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं.

"दादा, मी त्या दिवशी खडा टाकलाच नव्हता."

त्याचं बोट स्पेसबारवर होतं. ते हललंही नाही.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

"कसं?"

"आवाजच आला न्हवता. मी आंब्याखाली कान लावून हुतो."

"मग मारलास कशाला रे, येड्या?" मी रडायलाच लागले. मला त्याचा एवढा राग आला, एवढा राग आला की त्याला हलवावंसं वाटलं.

"तू हाय म्हनालीस ना," तो म्हणाला. आवाज चढला नाही, काही नाही. मग त्यानं कळ दाबून आडवा माणूस पुसला, नवा दांडीवर बसवला, सोडला आणि डोळे मिटले. "चल, म्हन आता."

स्स्स सुरू झालं. झाड आलं, झेंडा आला, आवाज बारीक झाला. मी तोंड दाबून धरलं. माणूस कडेवरून खाली गेला. दादानं दुसरा बसवला. तोही गेला. मग तिसरा. डोळे उघडून एकट्यानं दाबलं असतं तरी चाललं असतं, समोर सगळं लख्ख दिसत होतं. सरांनी मेन स्विच बंद करेपर्यंत मी एकदाही म्हटलं नाही, आणि त्यानंही एकदाही आपल्या मनानं दाबलं नाही.