रपट्यावरची माय

परमेश्वर आपल्या भक्ताला संकटात कधीही एकटं सोडत नाही. हे वाक्य दोन वर्षं रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर होतं, कारण ते आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर छापलेलं होतं. कॅलेंडर खतांच्या दुकानाचं होतं आणि वाक्याखाली युरियाच्या पोत्याचं चित्र होतं. मी श्रद्धाळू आहे, गुरुवार करते, पण त्या दोन वर्षांत मला त्या दोन्हींपैकी पोतंच जास्त खरं वाटायचं.

झालं ते थोडक्यात सांगते. एटापल्लीकडून येताना आमच्या एसटीच्या पुढे पोलिसांची गाडी होती. रस्त्यावरच्या मोरीखाली कुणीतरी सुरुंग पेरला होता आणि तो त्या गाडीखाली फुटला. मला कोपरावर एक ओरखडा आला, बाकी काही नाही. आजूबाजूच्या सागाची सगळी पानं एका दमात खाली आली, एवढंच मला नीट आठवतं. त्या दिवसानंतर माझे पाय मोरी ओलांडेनात. पूल असो, मोरी असो, की पावसाळ्यात पाणी वरून जावं म्हणून बांधलेला ठेंगणा रपटा असो, जवळ आलं की पोटऱ्या दगडाच्या व्हायच्या. आमच्या जिल्ह्यात दर मैलाला एक ओढा आहे. म्हणजे मी गावातच अडकले.

मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. लोकांनी प्रेमानं अशाच विषयावरच्या पाच कादंबऱ्या आणून दिल्या. स्फोटातून वाचलेली बाई, तिचं दुःख, तिचं सावरणं. मी पाचही वाचल्या. त्यांतल्या बायका खिडकीशी बसून बाहेर बघत राहायच्या. मला तर खिडकीच्या काचेजवळ बसवतही नव्हतं. दोनशे दहाव्या पानाच्या आसपास त्या एकदाच्या पोटभर रडायच्या आणि दोनशे वीसपर्यंत बऱ्या व्हायच्या. मी रडून पाहिलं. डोळे सुजले. गावात एक महाराज आले होते, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की भीती हा निव्वळ भ्रम आहे. महाराज स्वतः मात्र पोलिसांनी रस्ता तपासल्यावरच आले होते. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा मनाच्या आजाराचे डॉक्टर यायचे, त्यांच्या गोळ्यांनी झोप परत आली. ते म्हणाले, आता हळूहळू एकेक रपटा पार करून पाहा. झोपेपर्यंत देवाची आणि औषधाची मदत झाली, रपट्याशी दोघं थांबले.

अशात नागभीडला दिलेल्या आमच्या मुलीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचा रक्तदाब वाढलेला, प्रवासाला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. तिला सासू नाही. म्हणजे जायचं मीच. डॉक्टर म्हणाले होते, आता कोणत्याही दिवशी. आमच्या गावाबाहेर दोन किलोमीटरवर पहिलाच रपटा आहे. ह्यांनी मला तीनदा मोटरसायकलवर तिथपर्यंत नेलं आणि तीनदा परत आणलं. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "आई, तू नको येऊ. मी करून घेईन." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती मला समजून घेत होती, आणि ते मला सोसेना.

चौथ्या खेपेला गुरुवार होता, सकाळचे नऊ. रपट्याच्या अलीकडे मी गाडीवरून उतरले आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसले. हे पिशव्यांसकट गाडी पलीकडे ठेवून आले आणि माझ्यापासून जरा अंतरावर उभे राहिले. मी रामरक्षा म्हणायला घेतली, तर मधल्या ओळी आठवेनात. तेवढ्यात तलावाकडून एक ढिवरीन आली, मासे विकायला आठवडी बाजारात निघालेली. डोक्यावर जर्मनचा मोठा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, त्यात पाणी आणि जिवंत मरळ. रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड होता. बांधकाम खात्याचाच तो, शेंदराखालून किलोमीटरचा आकडा दिसत होता. तिनं त्याच्यापुढे एक बारका गोटा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काऊन बसली बाई इथी? गाडी बिघडली का?"

"गाडी नाही, मीच बिघडले," मी म्हटलं.

ती हसली नाही. "रपट्याचं भेव लागते?"

मी मान हलवली.

"मले बी लागते. माह्या लेकाले इथूनच नेलं. कोनं नेलं ते नाई सांगत, सांगून का फायदा."

"मग तुम्ही कशा जाता रोज?"

"या दगडातल्या मायले सांगून जातो. नाव सांगतो, कामून चालली ते सांगतो, परत कवा येईन ते सांगतो. न सांगता कोनाच्या अंगनातून जाते का कोनी?" मग मला नीट न्याहाळून म्हणाली, "तू कुठी चालली?"

"मुलीच्या बाळंतपणाला."

"अन इथी बसून राह्यली? ऊठ. हे घे डोक्यावर." तिनं गंज उतरवला.

"आज माझा गुरुवार आहे हो," मी म्हणाले. त्या क्षणी हेच सुचलं.

"गुरुवार तुले हाय. मासोळीले नाई."

हे पुढे आले. "तिला जड होईल ते, बाई."

"जड होते म्हनूनच देतो, भाऊ. भरला गंज डोक्यावर असला का मानूस पळत नाई. अन खाली बी पाहत नाई."

मी चुंबळ ठेवली, गंज घेतला. आत मरळ फिरत होती, तिचा प्रत्येक फटका माझ्या मानेत उतरत होता. दगडापुढे उभी राहून मी माझं नाव सांगितलं. मोठ्यानं, पूर्ण, नवऱ्याच्या आडनावासकट. म्हटलं, माय, लेकीच्या बाळंतपणाला चालले, दोन महिन्यांनी परत येईन. मग चालू लागले. भीती गेली नव्हती, हे स्पष्ट सांगते. पोटऱ्या तशाच होत्या. पण मान ताठ ठेवावी लागत होती, पाणी सांडू द्यायचं नव्हतं, आणि कडेकडून ती बाई मला दटावत होती, "हळू, हळू, माह्या मासोळ्या हायेत." मागून ह्यांची पावलं ऐकू येत होती, माझ्या पावलाशी पाऊल जुळवत. पलीकडचा डांबराचा तुकडा पायाखाली आला तेव्हा माझी पाठ ओली होती, निम्मी घामानं, निम्मी मरळीच्या पाण्यानं.

"नागभीडवरी अजून लय रपटे हायेत," तिनं गंज परत घेत सांगितलं. "सबन ठिकानी नाव सांगजो." आणि ती बाजाराकडे निघून गेली. ह्यांनी मला फाट्यावरून बसमध्ये बसवून दिलं. पुढे बसमध्ये मी तसंच केलं, पुटपुटत. शेजारची बाई दोन वेळा "मले काही म्हनलं का?" असं विचारून उठून दुसरीकडे बसली.

अशा अनुभवांत मदतीला आलेली व्यक्ती नंतर शोधूनही सापडत नाही, असं मी वाचलेलं आहे. ही दर गुरुवारी बाजारात सापडते. मी हात जोडले तर म्हणाली, तू माहं अर्धं पानी सांडवलं होतं. ती कोण, कुणी पाठवली, हे मी विचारलं नाही. एवढं मात्र कळलं की दोन वर्षं मी देवाकडे भीती काढून टाक म्हणत होते. कुठं जायचंय हे त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. शरण जाणं म्हणजे हात सैल सोडणं असं मला वाटायचं. त्या दिवशी दोन्ही हातांनी गंज धरूनच मी शरण गेले. त्या मायची आणि त्या बाईची मी ऋणी आहे. अजूनही प्रत्येक मोरीवर नाव सांगते.

संध्याकाळी नागभीडला पोचले. मुलगी दारातच माझ्या गळ्यात पडली, बराच वेळ तशीच राहिली, मग म्हणाली, "आई, मासोळीचा वास येते तुले." बाळ त्यानंतर सतरा दिवसांनी झालं.