बाला आणायला नेलेली डोली

आमच्या बाला (म्हणजे बापाला) म्हातारा करायचं मी एका सोमवारी कचेरीत बसून ठरवलं. बाला विचारलं नव्हतं.

तेव्हा जव्हारात महाराजांचं राज्य होतं आणि मी संस्थानच्या जंगल खात्यात कारकून होतो. (कारकून म्हणजे दिवसभर बसायचं आणि संध्याकाळी कंबर धरून उठायचं.) वय पस्तीस, पोट पंचेचाळीशीचं. बा तिकडे पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर राहायचा. आई गेल्यापासून एकटाच. दोन बैल, चार भातखाचरं आणि उतारावरची नाचणी सांभाळायचा. साठी त्याने केव्हाच ओलांडली होती. नेमकी केव्हा ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

त्या सोमवारी पाड्यावरून बाजाराला आलेल्या एकाने सांगितलं, की म्हातारा ऐनाच्या झाडावरून पडला. पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. (पुढचं असं होतं, की पडला, कोपर झटकलं आणि परत वर चढला.) बा झाडावर काय करत होता, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर आधी शेण, झाडांचा टाहाळ म्हणजे पानांसकट तोडलेल्या फांद्या, आणि पालापाचोळा पसरून भाजतात. हा राब. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर पावसाळ्यात लावायचं काय, कपाळ? टाहाळ कमी पडला म्हणून बा चढला होता, गेली पन्नास वर्षं चढत होता तसाच.

पण मी शिकलेला माणूस. धावत वैद्यबुवांकडे गेलो. त्यांनी बाला न बघताच पथ्य सांगितलं. नाचणी बंद, जुन्या तांदळाची पातळ पेज चालू. वारा लागू द्यायचा नाही, उंबरा ओलांडू द्यायचा नाही, चाळीस दिवस निजवून ठेवायचं. माझ्या बायकोने, सगुणाने, खोलीच्या खिडकीत चिंध्या कोंबल्या आणि अंथरूण घातलं. मी त्याहून मोठा पराक्रम केला. बाचं शेत चुलतभाऊ भिवा याला वाट्याने देऊन टाकायचा निरोप परस्पर धाडला. बा एकदा जव्हारात आला की परत कशाला जाईल, असा माझा हिशेब होता. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा फार मोठा श्रावणबाळ झाल्यासारखं वाटलं होतं.

मग चार डोलीवाले ठरवले. डोली म्हणजे लांब बांबूला बांधलेली घोंगडीची झोळी. तिच्यामागून मी नवे बूट घालून पोशेऱ्याची वाट धरली. दुसरा डोंगर चढेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. डोलीवाले दर चढावर थांबून माझी वाट बघत होते. पाड्यावर पोचलो तेव्हा बा अर्थातच झाडावर होता.

"बा, खाली ये. तुला न्यायला आलोय."

"कुठं?"

"जव्हारला. तुझं वय झालं आता."

"तुला कोणी सांगितलं?" बाने कोयता फांदीत रोवला आणि मला वरून नीट न्याहाळलं. "आणि भिवाचं काय ऐकतोय मी? माझा राब तो भाजणार?"

मी समजावलं, ओरडलो, वैद्यबुवांची पेजसुद्धा वर्णन करून सांगितली. पेज ऐकून तर बा आणखी एक फांदी वर गेला. पाडा गोळा झाला. शेवटी मी बूट काढले, धोतर खोचलं आणि म्हाताऱ्याला धरून खाली आणायला स्वतः झाडावर चढलो. (लहानपणी याच झाडावर मी माकडासारखा चढायचो. पण तेव्हा कचेरी नव्हती.)

किती चढलो ते विचारू नका. भिवा म्हणतो कमरेइतका. मी म्हणतो दोन पुरुष उंच. पडताना मात्र सगळ्यांनी बघितलं. घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बा सरसर उतरला, मला पाठुंगळी घेतलं, घरी नेलं आणि निरगुडीचा पाला गरम करून पाय बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेच पडला. मला कचेरी गाठायची होती आणि पाय जमिनीला टेकत नव्हता. त्यात म्होरक्या डोलीवाला अडून बसला. माणूस आणायला गेलेली डोली रिकामी परत न्यायची नाही, रिकामी डोली घरचं माणूस मागते, असं त्याचं म्हणणं. बाने माझ्याकडे बघितलं. मी बाकडे बघितलं. आणि गुमान झोळीत जाऊन बसलो.

तेवढ्यात कळलं की चौथा डोलीवाला बहिणीच्या गावी लग्नाला पळालाय आणि हळद उतरेपर्यंत परतणार नाही. बाने डोक्याचं फडकं काढलं, घडी करून खांद्यावर ठेवलं आणि बांबूखाली शिरला. मी कळवळून नको नको म्हणालो. तो म्हणाला, "हलू नको. जड हायेस."

लाजेने मी उपरणं तोंडावर ओढून घेतलं. हीच घोडचूक झाली. आमच्या डोंगरात डोली दिसली की पाड्यातली माणसं आपणहून पुढे येतात आणि आपल्या शिवेपर्यंत खांदा देतात. पहिल्याच पाड्याला बायांनी काय बघितलं? झोळीत तोंड झाकलेला मुलगा, आणि खांदा म्हातारा बाप देतोय. एका आजीने जो गळा काढला! बापावर ही पाळी यावी, कोवळं पोर गेलं, असं म्हणत ती डोलीसोबत चालू लागली. मी उपरणं बाजूला करून उठून बसलो आणि म्हणालो, "आजी, मी जिवंत आहे." आजी मटकन खाली बसली. तिला पाणी पाजण्यात अर्धा तास गेला.

पुढच्या पाड्यावर मी तोंड उघडं ठेवलं, तर माणसं जवळ येऊन काय झालं विचारू लागली. झाडावरून पडलो म्हणायला जीभ रेटेना. बाच सांगायचा, "नाजूक हाय." मग कोणी हळद आणून दिली, कोणी अंगारा लावला, कोणी कोंबडीचं अंडं उशाशी ठेवलं. शिवेवर परतायचं सोडून कित्येकजण पुढेच चालत राहिले. जव्हारच्या वेशीवर पोचलो तेव्हा मागे तीसेक माणसं होती, आणि माझे कचेरीतले साहेब नेमके फिरायला निघाले होते.

दारात सगुणा भाकर-तुकडा घेऊन उभी होती. मामंजी आले, मामंजी आले म्हणत तिने ओवाळायला घेतलं. तेवढ्यात बांबूखालचे मामंजी म्हणाले, "मी इकडं हाय, पोरी." तुकडा शेवटी माझ्यावरूनच उतरला.

वैद्यबुवा तयारीने येऊन बसलेच होते. मी पाय पुढे केला. त्यांनी नाडी धरली, पोट दाबलं, जीभ बघितली आणि मान हलवली. बसून बसून शरीर थकलंय म्हणाले. नाचणी बंद, पातळ पेज, वारा नाही, उंबरा नाही. चिंध्या कोंबलेल्या त्या खोलीत मीच निजलो. स्वयंपाकघरातून नाचणीच्या भाकरीचा आणि लसणीच्या चटणीचा वास येत होता. बा तिसरी भाकरी मोडत होता.

सकाळी निघताना तो माझ्याजवळ बसला. चेष्टा संपली होती.

"पोरा, राब मीच भाजणार. चालता येईल तोवर चालत जाऊन भाजणार, नाय तर सरपटत. ज्या साली माझ्या राबाचा धूर दिसणार नाय, त्या साली डोली पाठवू नको. लाकडं पाठव."

मला रडू आलं. शेत देत नाही असा निरोप मी भिवाला त्याच क्षणी धाडला, तोही बाच्याच हाती. बा चालत गेला आणि चौथ्या दिवशी त्याने राब भाजला. मी तेव्हा पेज पीत होतो.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. बा दर साली राब भाजतो आणि नंतर नाचणीचं गाठोडं डोक्यावर घेऊन आम्हाला भेटायला येतो. वाटेत पाड्यापाड्याला माणसं त्याला थांबवतात. त्याची तब्येत कोणी विचारत नाही. विचारतात, "तुझा तो आजारी पोरगा कसा आहे रे?"

बा गाठोडं सावरतो आणि म्हणतो, "चाललंय. पण आता वय झालं त्याचं."