धाड धाड करणारी गाडी

हिंगणघाटच्या हायवेवर गॅरेज असलेला एक माणूस शब्दांपेक्षा आवाजांनीच जास्त बोलतो. माझी गाडी नेली की आधी तिचा खोकला काढून दाखवतो, मग विचारतो, "असंच करून राह्यली ना?"

एकदा त्याने मला स्वतःच्या गाडीत बसवलं.

"टर्बो म्हंजे धुराच्या जोरानं फिरून इंजिनात हवा कोंबते तो पंखा. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला का थो झोपते, भाऊ. परत उठाले टाइम लावते. म्हून म्या त्याले झोपूच देत नाई. आता पाय काढला तरी थोडं पेट्रोल इंजिनाच्या बाहेर, धुराच्या पाइपात पेटते. त्या धक्क्यानं टर्बो फिरतच राह्यते."

"रस्त्यावर चालतं का असलं?"

"नाई चालत. टर्बोही लवकर मरते. पण मजा तं पाहा!"

त्याने पाय काढला. धाड, धाड, धाड! आरशात मागे ज्वाळा दिसली. मी घाबरून किंचाळलो आणि लगेच म्हणालो, "अजून एकदा!" आम्ही दोघेही खिदळत सुटलो.

वळणापुढे, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगसमोर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्याने दुरूनच इंजिन बंद केलं.

"उतरा भाऊ. एक ठिणगी पडली का लोकायचा सारा कापूस जाईन."

आम्ही गाडी ढकलू लागलो.

"काऊन, बंद पडली का?" एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

"नाई," तो धापा टाकत म्हणाला, "तुमचा कापूस पाहून लाजली!"

मला इतकं हसू आलं की ढकलायला जोरच उरला नाही. तो मात्र शेवटचा ट्रॅक्टर पार मागे पडेपर्यंत थांबला नाही.