अस्तर उलटून दाखव

थोरल्या मावशीचं दुकान म्हणजे एक शिवणयंत्र, एक इस्त्री आणि कोपऱ्यातल्या फळीवर मरियामाता. नवरा नाही, मूल नाही. दिवसभर लोकांच्या कोटांना अस्तर लावायचं आणि रविवारची वाट बघायची. रविवारी धाकटी मावशी यायची, भांडायला. लग्नानंतर ती नवऱ्याच्या पंथाच्या चर्चमध्ये गेली, आणि तिथे बायबलाबाहेरचं काही म्हणजे काही चालत नाही.

विषय एकच. मरियेला तिच्या मुलाने सदेह स्वर्गात नेलं, हे बायबलात कुठे आहे?

"ताई, वचन दाखव."

"अस्तर बाहेरून दिसत नाही, म्हणून काय कोटाला नसतं?"

"अस्तर उलटून दाखवता येतं. तू दाखव ना!"

धाकटी बोलण्यात कुणाला हार जायची नाही, आणि थोरली हट्टाला पेटली की खुद्द फादरचंही ऐकायची नाही. खरं सांगू? निकाल दोघींनाही नकोच होता. तो लागला असता, तर पुढच्या रविवारी बोलायचं काय?

एकदा मात्र थोरलीची जीभ घसरली. "लिहायला कशाला हवं? कुठला मुलगा आईला मातीत एकटी टाकून स्वतः वर जाऊन बसेल?"

धाकटीचा मुलगा परदेशी गेला तो गेलाच, साधा फोनही करत नव्हता. हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. धाकटी पर्स उचलून निघून गेली.

त्यानंतरचे रविवार सुने गेले. मावशी यंत्रावर हात ठेवून दाराकडे बघत बसायची. मला तिची कीव यायची आणि रागही. शेवटी मीच तिला ओढत धाकटीकडे नेलं.

घरात टीव्ही चालू होता, बघणारं कुणी नव्हतं. थोरली उभ्या उभ्याच म्हणाली, "तुझंच खरं. कुठेच लिहिलेलं नाही. हरले मी."

आयुष्यात पहिल्यांदा ती असं बोलली होती.

धाकटीने टीव्ही बंद केला. "नाही गं ताई, तू हरू नकोस. मला ते पटायचं नाही, मरेपर्यंत नाही. पण तू म्हणत जा. मुलगा आईला न्यायला आला होता, असं निदान कुणीतरी म्हणत राहू दे."