सहाच्या पुढचा आकडा

माझी सासू सात म्हणत नाही. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, नावाची सुरुवातच सातने होते. आणि बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, यावर तिचा ठाम विश्वास. गडचिरोलीची सातची बस तिच्या तोंडी 'सहाच्या पुढची गाडी' असते. ते नाव मीही इथे लिहीत नाही. सासू आता अडखळत का होईना, वाचते.

पेपरातल्या पोरांच्या पानावर आकड्यांची सोपी कोडी येतात. वांगी चिरता चिरता मी वाचायची, ती उत्तर फेकायची. तो एक आकडा आला की नुसती माझ्याकडे बघायची, मग मी म्हणायचं. चटकच लागली बाईला! त्यात बचत गटाच्या हळदीकुंकवात कोड्यांची स्पर्धा ठरली. बक्षीस कुकर. चुलीवर लाखोळीची डाळ शिजता शिजत नाही, म्हणून कुकरसाठी तिचा जीव अडकलेला. मामाजी म्हणायचे, "काऊन पायजे कुकर? आतापावतर काय कच्ची डाळ खाल्ली?" झालं, तिला तो अजूनच पाहिजे झाला.

शेवटी दोघीच उरल्या. सासू आणि शेजारीण, जिच्या घरी कुकर आधीच आहे! तालुक्याहून आलेल्या मॅडमनी वाचलं, "मनात एक आकडा धरला. त्यात तीन मिळवले, दहा झाले. आकडा कोणता?"

अरे देवा! नेमका तोच आकडा!

सासूचा हात आधी वर. "सहा अन् एक."

"म्हणजे किती, आजी?"

"सहाच्या पुढचा."

"एका शब्दात सांगा ना."

"थे मले नाई म्हनता येत."

"मग यांना विचारते," म्हणत मॅडम शेजारणीकडे वळल्या. ती मेली तोंड उघडून तयारच होती. असा संताप आला मला! पण घरच्यांनी सांगितलं की बाद, असा नियम.

"थांबा नं वो मॅडम!" सासू उठली. डोक्यावर पदर घेतला, घसा खाकरला. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं की!

"कुकरमंधी शिजवीन डाळ अन् भात,
मालकाच्या नावात पयले येते सात!"

आणि पुढे धडाधड अख्खं नाव, आडनावासकट. बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"पण उत्तर?" मॅडम गोंधळल्या.

"आलं ना वो त्यात!" सगळा मांडव ओरडला.

मामाजी बाहेर गप्पा मारत बसले होते, ते धडपडत आत आले. "कोनं बलावलं मले?"

लग्नात सासू इतकी रडत होती की उखाणा राहूनच गेला, आणि पुढेही तिनं कधी घेतला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"म्याच," सासूनं जिंकलेला कुकर त्यांच्या हातात दिला. "चाला घरी."

मामाजी जागचे हलेनात. मग हळूच म्हणाले, "आनखी एकडाव म्हन ना."

"काऊन? लवकर मराचं हाये का तुमाले?"